आईकडून लेकीकडे

गेल्या संक्रांतीला कागलात एका घरी हळदीकुंकवाला गेले होते. वाण घेऊन निघताना शेजारच्या वैनींनी मला हळूच आतल्या खोलीत नेलं. छातीला गाठ लागतेय, दुखत मात्र नाही, कुणाला सांगू नका, असं म्हणाल्या. दोन महिने त्यांनी नवऱ्यालाही कळू दिलं नव्हतं. दुखत नाही म्हणजे साधीच असेल, असा त्यांचा हिशेब. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी एसटीनं कोल्हापूरला गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासता तपासता विचारलं, आईला, मावशीला, बहिणीला असं काही झालं होतं का? वैनी नाही म्हणाल्या. घरी येऊन थोरल्या भावाला फोन केला तेव्हा कळलं, की आई ज्या दुखण्यानं गेली ते छातीचंच होतं. इतकी वर्षं घरात कुणी ते बोललंच नव्हतं.

आईला काय झालं होतं, हा प्रश्न आज केसपेपरवर असतोच. पण या प्रश्नाच्या मागं लागून एका मराठी बाईनं आपली हयात प्रयोगशाळेत घालवली, हे आपल्यातल्या कितीजणींना ठाऊक आहे? त्या डॉ. कमल रणदिवे.

कमलताई माहेरच्या समर्थ. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७ चा. गंमत बघा, बरोब्बर २२ वर्षं आधी, ८ नोव्हेंबर १८९५ लाच जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला होता. स्तनातली गाठ हाताला लागण्याआधी दाखवणारी मॅमोग्राफी त्याच किरणांवर चालते!

वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलगा असो की मुलगी, शिकलंच पाहिजे, हा त्यांचा दंडक. कमल हुजूरपागेत शिकली. लेकीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी वडिलांची इच्छा होती. लेकीनं दोन्ही मोडल्या. तिनं फर्ग्युसनमधून वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन पदवी मिळवली, आणि १९३९ मध्ये लग्न केलं ते गणितात रमणाऱ्या जयसिंग रणदिवे यांच्याशी. पुढचं शिक्षण लग्नानंतरच झालं. १९४३ मध्ये पुण्याच्या शेतकी कॉलेजातून एम.एस्सी. केलं, तेही सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींवर! संसार मुंबईत, मूल लहान, आणि अभ्यास चालूच. नवऱ्यानं पाठिंबा दिला, हे खरं. पण पहाटे उठून पुस्तक उघडायचं ते आपल्यालाच, हे लग्नानंतर शिकलेल्या बाईला सांगायला नको.

परळला टाटा हॉस्पिटल सुरू झालं २८ फेब्रुवारी १९४१ ला. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली कमलताई कामाला लागल्या. तेव्हाचा काळ डोळ्यांपुढं आणा. छातीत गाठ असलेली बाई दवाखान्यात यायची तीच मुळी उशिरा. आणि उपाय जवळपास एकच, सगळा स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतल्या गाठी एकदम काढून टाकायच्या. अमेरिकेतल्या हॅल्स्टेड या सर्जननं एकोणिसाव्या शतकात रूढ केलेली ही शस्त्रक्रिया सत्तर-ऐंशी वर्षं जगभर चालली. बाई वाचलीच तरी हात वर करताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

कमलताई काही सर्जन नव्हत्या. त्यांनी वेगळीच वाट धरली. हा आजार मुळात होतो कसा, आणि एकाच घरात आईला, मग लेकीला का दिसतो, याचा शोध त्यांनी उंदरांवर सुरू केला. उंदरांच्या काही जातींत माद्यांना पिढ्यान्‌पिढ्या स्तनाच्या गाठी होतात. त्यात आनुवंशिकता किती, शरीरातल्या हार्मोन्सचा हात किती आणि विषाणूचा किती, हे त्या ताडून बघत राहिल्या. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचं नातं मांडणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत आज त्यांचं नाव घेतलं जातं.

इथं एक गैरसमज काढून टाकते. उंदरांत हा आजार एका विषाणूमुळं आईच्या दुधातूनही पिल्लांकडे जातो. माणसांत तसं होत नाही. उलट बाळाला अंगावर पाजल्यानं आईचा धोका थोडा कमीच होतो.

पीएच.डी.नंतर कमलताई अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी वाढवण्याची विद्या त्यांना शिकायची होती. याच गे यांनी १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतल्या पेशी वाढवल्या. त्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत, पण तिच्या घरच्यांना त्याचा पत्ता कित्येक वर्षं नव्हता. कमलताईंना तिकडं राहता आलं असतं. पण त्या परत आल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. परदेशातून सामान मागवणं सोपं नव्हतं, म्हणून पेशींना वाढायला लागणारी द्रावणंही इथंच तयार करवली. १९६६ ते १९७० त्या या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी मोलाचं काम केलं. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

त्यांचं आणखी एक काम मला जवळचं वाटतं. १९७३ मध्ये मुंबईत काहीजणींनी मिळून भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना काढली, त्यात कमलताई होत्या. शिकलेल्या बाईची नोकरी सुटते ती बहुधा मुलाला सांभाळायला कुणी नाही म्हणून. या संघटनेनं वाशीला वसतिगृह आणि पाळणाघर चालवलं. निवृत्तीनंतर कमलताई नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करायला गेल्या. ११ एप्रिल २००१ ला त्यांचं निधन झालं. २०२१ मध्ये त्यांच्या जन्मदिनी गूगलनं मुखपृष्ठावर त्यांचं चित्र झळकवलं, तेव्हा कुठं बऱ्याच जणांना त्यांचं नाव कळलं.

त्यांच्या हयातीतच पुष्कळ बदललं. १९९४ आणि १९९५ मध्ये बीआरसीए नावाची दोन जनुकं सापडली. त्यांतला दोष आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो, म्हणून आत्याची माहितीही सांगायची. अर्थात शंभरातले पाच ते दहाच कर्करोग असे घराण्यातून आलेले असतात. आमच्या घरात कुणाला नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

तपासणीही सुधारली. चाळिशीनंतर मॅमोग्राफी उपयोगी पडते. तरुण वयात स्तन घट्ट असतात, तिथं सोनोग्राफी जास्त सांगते. घराण्यातच धोका असेल तर एमआरआय करतात. मग सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासतात. सुई लावली की कॅन्सर पसरतो, ही निव्वळ भीती. सुईआधीच गाठ कापायची घाई मात्र नको.

आणि शस्त्रक्रिया? इटलीत व्हेरोनेसी या सर्जननं १९७३ ते १९८० मध्ये ७०१ बायकांवर अभ्यास केला. काहींचा पूर्ण स्तन काढला, काहींची फक्त गाठ आणि आजूबाजूचा भाग काढून शेक दिला, म्हणजे रेडिएशन. वीस वर्षांनी बघितलं तर दोन्हीकडं वाचण्याचं प्रमाण सारखंच! म्हणजे गाठ लहान असताना गेलं तर निवड आपल्या हातात राहते. काखेतल्याही सगळ्या गाठी दर वेळी काढाव्या लागत नाहीत, आधी एक-दोन तपासून ठरवता येतं. गाठ मोठी असेल, दोन-तीन ठिकाणी असेल किंवा रोज शेकाला जाणं जमणारं नसेल, तर पूर्ण स्तन काढणंही योग्यच. त्यात हार कसली? नवा स्तन तयार करण्याचीही सोय असते. माझ्यासाठी काय काय मार्ग आहेत, एवढं डॉक्टरांना विचारायला लाजू नका. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी जरूर करा.

आमच्या वैनींची गाठ लहानच निघाली. त्यांनी गाठ तेवढी काढून घेतली आणि तीन आठवडे कागल ते कोल्हापूर एसटीच्या फेऱ्या करून शेक घेतला. पण त्यांनी केलेली मोठी गोष्ट पुढंच आहे. दोन्ही लेकींना बोलावून आजीला काय झालं होतं आणि आपल्याला काय झालं, ते सगळं सांगितलं. थोरली त्याच आठवड्यात तपासून आली.

दागिने, पैठणी, पुरणपोळीची रीत हे सारं आपण लेकींना देतोच. घरातल्या आजारांची माहितीही द्या. आज रात्री जेवणं झाली, की आईला किंवा मावशीला एक फोन लावा आणि विचाराच.