रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे आणि गिरणीतील मुले

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. फुलमाळी समाजातील हे कुटुंब गरिबीमुळे ठाण्यास येऊन राहिले होते आणि त्याच गरिबीमुळे नारायणरावांना शिक्षण फार पुढे नेता आले नाही. रेल्वेत व टपाल खात्यात काही काळ नोकरी करून ते मुंबईस मांडवी येथील एका कापड गिरणीत कोठारावर कारकुनीस लागले. मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची स्थापना १८५४ सालची. म्हणजे लोखंडे आणि मुंबईचा गिरणीधंदा हे जवळजवळ एकाच वेळी लहानाचे मोठे झाले. कोठारावरच्या माणसाला गिरणी सर्व बाजूंनी दिसते. मालकाचा हिशेब त्याच्या वहीत असतो आणि कामगाराची दशा त्याच्या दारातून रोज ये-जा करते. लोखंडे यांनी दोन्ही पाहिले.

महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापिला, आणि लोखंडे या समाजाचे मुंबईतील एक आधारस्तंभ झाले. कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र बंद पडण्याच्या अवस्थेत होते; ते १८८० साली लोखंडे यांनी मुंबईस आणून चालविले. महाडकरांना या पत्राविषयी विशेष जिव्हाळा वाटावा असे एक कारण आहे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, लष्करातून निवृत्त झालेले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलणारे आपले पूर्वसुरी, ‘दीनबंधु’तून लिहीत असत. चवदार तळ्याच्या सत्याग्रहापूर्वी कित्येक वर्षे या तालुक्यातील एका माणसाचा आवाज लोखंड्यांच्या पत्रातून बाहेर पडत होता.

त्या काळच्या गिरणीत कामाचे तास घड्याळाने ठरत नसत, सूर्याने ठरत. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत साचे चालत. उन्हाळ्यात हा दिवस तेरा-चौदा तासांचा होई. आठवड्याची सुट्टी नव्हती. सण आला तर गिरणी बंद, पण पुष्कळदा त्या दिवशी यंत्रे पुसण्यासाठी कामगारास यावेच लागे. या कामगारांत सात-आठ वर्षांची मुलेही असत. सूत कातण्याच्या खात्यात भरलेल्या बॉबिनी चटकन काढून रिकाम्या बसविण्यास लहान बोटे सोयीची पडत आणि मुलाची मजुरी मोठ्या माणसाच्या मजुरीहून पुष्कळ कमी असे. कापसाच्या तंतूंनी भरलेल्या त्या कोंदट हवेत उभे राहून या मुलांचे बालपण सरे.

ही मुले आली कोठून? पुष्कळशी आपल्याच कोकणातून. जमीन खोताची, पिकाचा मोठा वाटा खोताचा, पावसाळा सरला की घरात धान्य नाही. मग महाड-दासगावच्या बंदरातून सावित्री उतरून बाणकोट आणि तेथून मुंबई हा रस्ता कित्येक घरांनी धरला. आईबापांची मजुरी पुरत नसे, म्हणून मुलाचे बोट धरून त्यालाही जॉबरपुढे उभे केले जाई. त्या आईबापांस निर्दय म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नव्हे. २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून तळीये गावात ऐंशीहून अधिक माणसे गेली. कमावता हात गेलेल्या घरात पोराला कामास लावण्याचा विचार किती लवकर शिरतो, हे या डोंगरपट्ट्यास कोणी सांगावे लागत नाही.

मुलांच्या रक्षणाचा पहिला कायदा १८८१ साली झाला. त्यासाठी सोराबजी शापूरजी बंगाली या मुंबईच्या पारशी गृहस्थांनी पुष्कळ खटपट केली होती. विलायतेतील लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनीही आग्रह धरला होता, मात्र त्यांच्या कळवळ्यात मुंबईच्या स्वस्त सुताची धास्ती बरीच मिसळलेली होती. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या यंत्रचलित कारखान्यांना हा कायदा लागू झाला. सात वर्षांखालील मूल कामावर घेऊ नये. सात ते बारा वर्षांच्या मुलास दिवसास नऊ तासांहून अधिक राबवू नये. तासाभराची विश्रांती आणि महिन्यास चार सुट्ट्या द्याव्यात. मुलांसाठीच्या मुख्य तरतुदी त्या एवढ्याच. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या तासांविषयी कायदा गप्पच होता. शिवाय ज्याचा जन्म कोठे नोंदलेला नाही अशा मुलाचे वय अंदाजाने ठरे, आणि अंदाज गरजेप्रमाणे वाकतो.

येथे एक तुलना करण्याजोगी आहे. इंग्लंडमध्ये १८३३ च्या कायद्याने गिरणीतील लहान मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली, तेव्हाच त्यांना रोज दोन तास शाळा मिळावी असेही बंधन घातले होते. जवळजवळ अर्ध्या शतकानंतर त्याच राज्यकर्त्यांनी हिंदुस्थानासाठी कायदा केला तेव्हा नऊ तास तेवढे उचलले आणि शाळा वगळली. पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, जोतीरावांनी हंटर आयोगापुढे निवेदन ठेवून प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली. सरकारच्या कायद्याने बारा वर्षांपर्यंतचे जे मूल गिरणीत नऊ तास राबण्यास मोकळे ठेवले, तेच मूल जोतीराव शाळेसाठी मागत होते. त्यांची मागणी मान्य झाली नाही.

लोखंडे यांचे कार्य या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. १८८४ साली सरकारने गिरण्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला, तेव्हा त्यांनी सप्टेंबर महिन्यात परळ येथे सुपारीबागेत कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज तयार केला. दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार आणि कायमचा जायबंदी झाल्यास निर्वाहाची सोय, अशा त्या मागण्या होत्या. मुलांसाठी वेगळे कलम त्यांत नव्हते, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. परंतु मोठ्यांच्या साच्याला विश्रांती नाही तोवर त्यावर राबणाऱ्या मुलालाही ती मिळणे कठीण, हा गिरणीतील रोजचा अनुभव होता. याच सुमारास त्यांनी गिरणी कामगारांचा संघ स्थापिला. आजच्या अर्थाने ती संघटना नव्हे. सभासदांची यादी नाही, निधी नाही. होता तो एका माणसाचा शब्द आणि त्यावर हजारोंचा विश्वास.

सहा वर्षे अर्ज-विनंत्यांत गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्रियांनी भाषणे केली, ही गोष्ट त्या काळी सामान्य नव्हती. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज शाळेची सुट्टी म्हणून जो रविवार मुले खेळण्यात घालवितात, तो गिरणीच्या दारात असा मागून घ्यावा लागला होता.

त्याच वर्षी नेमलेल्या कारखाना आयोगाच्या मुंबईतील कामात लोखंडे यांना कामगारांच्या बाजूने सहभागी करून घेण्यात आले. त्यातून १८९१ चा कायदा आला. किमान वय सातावरून नवावर गेले. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना सात तासांची मर्यादा पडली, स्त्रियांना अकरा तासांची, आणि आठवड्याची सुट्टी कायद्यात आली. कायदा पन्नास कामगारांच्या कारखान्यापर्यंत खाली उतरला. शाळेचा शब्द याही वेळी त्यात नव्हता.

१८९३ च्या मुंबईतील हिंदु-मुसलमान दंग्यानंतर लोखंडे यांनी दोन्ही समाजांत सलोखा राखण्यासाठी झटून काम केले आणि त्यांना रावबहादूर ही पदवी मिळाली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. ज्याला शक्य होते तो शहर सोडून गेला. लोखंडे मागे राहिले आणि रुग्णसेवेत पडले. त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. वयाची पन्नाशीही झाली नव्हती.

त्यांच्या पश्चात गिरणीच्या कायद्यातील किमान वय बारा होण्यास १९२२ साल उजाडावे लागले. म्हणजे जोतीरावांनी शाळेसाठी मागितलेल्या वयापर्यंत पोहोचण्यास चाळीस वर्षे लागली. त्याच परळ भागात, गिरणी कामगारांच्या वस्तीत राहून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे नेला. विणकाम खात्यात धोट्याचा दोरा तोंडाने ओढावा लागे म्हणून अस्पृश्य कामगारास तेथे घेत नसत. त्याच्या वाट्याला कमी पगाराचे कातण्याचे खाते येई. बाबासाहेबांनी या अन्यायास उघड वाचा फोडली. ते केंद्रात मजूरमंत्री असताना कारखान्यांतील आठवडा अठ्ठेचाळीस तासांचा झाला, आणि त्यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने सिद्ध केलेल्या संविधानातील चोविसाव्या अनुच्छेदाने चौदा वर्षांखालील बालकास कारखाना, खाण व धोक्याची कामे यांची दारे बंद केली.

सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शाळेचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अंमलात आला. जोतीरावांच्या निवेदनास तेव्हा १२८ वर्षे होत होती. चौदा वर्षांखालील मुलास सर्वच कामांवर ठेवण्यास बंदी २०१६ साली झाली. त्यातही शाळेची वेळ सोडून घरच्या उद्योगात हातभार लावण्यास मुभा ठेवलेली आहे, आणि शेती, वीटभट्टी व ऊसतोड यांच्या हंगामात त्या मुभेचा अर्थ कोण कसा लावतो, हे वसतिगृहाच्या हजेरीपटावर दरवर्षी दिसते.