भिंती नसलेली शाळा : जिम कॉर्बेट यांची जीवनकथा



सुट्टीत मुलांना घेऊन तुम्ही एखाद्या अभयारण्यात गेला असाल, तर हा अनुभव तुम्हालाही आला असेल. जीप सुटून दहा मिनिटं होत नाहीत तोच मागून प्रश्न येतो, वाघ कधी दिसणार? तीन तास फिरूनही वाघ दिसला नाही की चेहरे उतरतात. जंगलात काहीच नव्हतं, असं सांगत मुलं घरी येतात. खरं तर ते तीन तास जंगल सतत बोलत होतं. ते ऐकायचं कसं, हे आपण मुलांना शिकवलेलं नव्हतं, एवढंच.

म्हणूनच पुढच्या सहलीआधी वर्गात जिम कॉर्बेट यांची गोष्ट जरूर सांगा.

कालाढुंगीचा मुलगा

जिम यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला झाला. वडील तिथले पोस्टमास्तर. घर माणसांनी भरलेलं होतं, श्रीमंत मात्र नव्हतं. थंडीत हे कुटुंब डोंगर उतरून पायथ्याच्या कालाढुंगी गावी राहायला यायचं. १८८१ मध्ये वडील वारले, तेव्हा जिम सहा वर्षांचेही नव्हते. संसाराचा भार आईवर पडला आणि हा मुलगा रानात रमू लागला.

पुढे एका पक्षी-अभ्यासकाला नमुने गोळा करून देण्याच्या बदल्यात त्यांना एक जुनी ठासणीची बंदूक मिळाली. तिची एक नळी फुटलेली, पितळी तारेने बांधलेली. ती बंदूक घेऊन रानकोंबड्यांच्या मागावर असताना एकदा समोरचं झुडूप हललं आणि आतून वाघ बाहेर आला. त्याने मुलाकडे वळून पाहिलं आणि तो आपल्या वाटेने निघून गेला. वाघ विनाकारण माणसाच्या वाटेला जात नाही, हा धडा जिम यांना असा मिळाला. तो ते जन्मभर विसरले नाहीत.

पक्ष्यांचे सहा गट

या मुलाने जंगलाचा अभ्यास कसा केला, हे आपल्यासारख्या शिकवणाऱ्यांनी मुद्दाम बघावं असं आहे. त्याने पक्ष्यांच्या नावांची यादी पाठ केली नाही. कोणता पक्षी जंगलासाठी काय काम करतो, ते पाहून त्याने सहा गट पाडले. रानाची शोभा वाढवणारे, गाणारे, बिया पसरवून रान पुन्हा उगवणारे, धोक्याची सूचना देणारे, जंगलाचा समतोल राखणारे आणि साफसफाई करणारे.

आपल्याकडचे पक्षी या गटांत घालून बघा. हळद्या आणि शिंजीर शोभेचे. दयाळ आणि शामा गवई. तांबट, बुलबुल आणि धनेश हे रानाचे माळी. कोतवाल आणि सातभाई पहारेकरी. कोतवालाचं तर नावच बोलकं आहे! गरुड आणि घुबड समतोल राखणारे. गिधाड, घार आणि कावळा सफाई कामगार. पाचवीतलं मूलसुद्धा हे गट सहज लक्षात ठेवतं.

मोकामा घाटची शाळा

घरची गरज होती म्हणून जिम यांनी कोवळ्या वयातच रेल्वेत नोकरी धरली. नंतर बिहारमध्ये गंगेकाठच्या मोकामा घाट इथे रेल्वेचा माल उतरवण्या-चढवण्याचं कंत्राट त्यांनी घेतलं आणि वीस वर्षांहून जास्त काळ ते निभावलं. मजुरांबरोबर ते स्वतःही राबायचे.

तिथेच स्टेशनमास्तर रामसरन यांच्या सोबतीने त्यांनी मजुरांच्या आणि रेल्वेतल्या लहान नोकरदारांच्या मुलांसाठी शाळा काढली. पहिल्याच पायरीवर जात आडवी आली. वेगवेगळ्या जातींची मुलं एका झोपडीत बसू शकत नव्हती. रामसरन यांनी झोपडीच्या भिंतीच काढून टाकल्या. नुसतं छप्पर उरलं, म्हणजे झोपडी राहिली नाही आणि सगळी मुलं एकत्र बसली! वीस मुलांची ही शाळा पुढे दोनशेपर्यंत गेली.

शिकारी की रक्षक?

आता अवघड प्रश्न. एखादं चौकस मूल विचारेलच, वाघ मारणाऱ्या माणसाचं नाव वाघ वाचवणाऱ्या उद्यानाला कसं काय? हा प्रश्न टाळू नका.

१९०७ मध्ये कॉर्बेट यांनी चंपावतच्या वाघिणीला मारलं. नेपाळ आणि कुमाऊं मिळून तिच्या नावावर ४३६ बळी होते. लोकांनी घराबाहेर पडणं सोडलं होतं, पिकं शेतात उभी होती. १९२६ मध्ये त्यांनी रुद्रप्रयागचा बिबट्या मारला, त्याचे बळी १२५. या गावांवर त्यांचे उपकार होते आणि आजही तिकडे त्यांचं नाव आदराने घेतात.

पण मेलेल्या वाघिणीचा जबडा उघडून त्यांनी पाहिलं, तेव्हा उजव्या बाजूचे सुळे तुटलेले होते. कारण होतं बंदुकीची जुनी गोळी. नेहमीची शिकार पकडता येईना, म्हणून ती माणसाकडे वळली होती. म्हणजे या साऱ्या अनर्थाची सुरुवात कुणा माणसाच्याच चुकलेल्या नेमाने झाली होती. मुलांना ४३६ हा आकडा सांगाल, तेव्हा ही गोळीही सांगा. नाहीतर वाघ म्हणजे खलनायक, एवढंच त्यांच्या डोक्यात राहील.

दुसरी बाजूही लपवू नका. कॉर्बेट यांनी हौसेसाठीही शिकार केली. पवलगढचा प्रचंड वाघ त्यांनी १९३० मध्ये मारला, तो नरभक्षक नव्हता. मोठी माणसं एका दिवसात मोठी होत नाहीत, त्यांनाही बदलायला वेळ लागतो. आपल्या मुलांना हे कळणं चांगलंच.

बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे

हळूहळू त्यांच्या हातात बंदुकीऐवजी कॅमेरा आला. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी काढलेले वाघांचे फोटो पाहून त्यांनाही ओढ लागली. चलचित्र घेताना एक अडचण यायची. कॅमेऱ्याच्या घरघरीने वाघ बुजायचे. मग त्यांनी एका ओढ्यावर छोटे छोटे बंधारे घातले. पाणी खळखळ पडू लागलं, त्यात कॅमेऱ्याचा आवाज बुडून गेला आणि वाघ निवांतपणे समोर वावरू लागले. गोळी झाडायला क्षण पुरतो. या कामाला महिनोन्महिने शांत बसावं लागलं.

याच काळात ते शाळाशाळांतून मुलांना जंगलाविषयी सांगत आणि प्राण्यांचे हुबेहूब आवाज काढून दाखवत. १९३६ मध्ये भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान स्थापन झालं. रामगंगेच्या खोऱ्यातल्या या उद्यानाला माजी गव्हर्नरांचं, हेली यांचं नाव दिलं होतं. त्याच्या उभारणीत कॉर्बेट यांचा मोठा वाटा होता.

१९४७ मध्ये ते बहीण मॅगी यांच्यासह केनियाला गेले आणि १९ एप्रिल १९५५ रोजी तिथेच न्येरी इथे वारले. त्यानंतर हेच उद्यान त्यांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात इथूनच झाली. पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आपलं मेळघाटही होतं, हे मुलांना आवर्जून सांगा.

तुम्ही सहलीला जाल तेव्हा

कॉर्बेट उद्यानासारख्या व्याघ्र प्रकल्पात पायी हिंडता येत नाही, जीप आणि गाईड घ्यावाच लागतो. कालाढुंगीचं त्यांचं घर आता संग्रहालय आहे. शेजारी त्यांनी वसवलेलं छोटी हल्द्वानी हे गाव पायी पाहता येतं. रानडुकरांपासून पिकं वाचावीत म्हणून त्यांनी गावाभोवती बांधलेली दगडी भिंत तिथे दिसते. रानडुकरांना मारत बसण्यापेक्षा शेत आणि रान यांच्यात एक भिंत उभी करणं त्यांना बरं वाटलं असावं.

एवढ्या लांब जायलाच हवं असं नाही. रायगड जिल्ह्यातल्या कर्नाळ्याच्या पायवाटेवर हाच पाठ होतो, गावाबाहेरच्या टेकडीवरही होतो. मुलांना पाच मिनिटं गप्प बसवा. मोबाइल पिशवीत ठेवा, तुमचासुद्धा! मग वहीत सहा रकाने आखायला सांगा आणि ऐकू आलेला, दिसलेला प्रत्येक पक्षी त्यात लिहू द्या. नाव येत नसेल तर तो काय करत होता, ते लिहिलं तरी चालेल. मोठ्या जंगलात असाल, तर वानराची खेकसणी किंवा चितळाची ओरड कानावर येते का, याकडे लक्ष ठेवा. हे अलार्म कॉल. ते ऐकू आले म्हणजे वाघ किंवा बिबट्या जवळपास असण्याचा संभव आहे, आपल्याला दिसो वा न दिसो.

परतीच्या वाटेवर मुलांना वाघ दिसला का, असं विचारू नका. काय काय ऐकलं, ते विचारा.