रेषा आधी, मोजणी मागाहून

सर मॉर्टिमर ड्युरँड यांचे नाव आपल्याकडे प्रथम आठवते ते फुटबॉलच्या चषकामुळे. १८८८ साली सिमल्यास त्यांनी सुरू केलेली ती स्पर्धा आजही खेळली जाते. त्यांचे दुसरे स्मारक वायव्येच्या डोंगरांत आहे आणि त्यावरून तंटा अद्याप चालूच आहे.

भोपाळजवळील सिहोर येथे १८५० साली जन्मलेल्या ड्युरँड यांना सरहद्द जणू वारशानेच लाभली. त्यांचे वडील सर हेन्री यांनी १८३९ साली गझनीचा दरवाजा सुरुंगाने उडविण्यात भाग घेतला होता. पुढे पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर असताना, १८७१ साली, सरहद्दीवरील टांक गावच्या वेशीत अंबारी अडकून ते हत्तीवरून पडले आणि त्यातच निवर्तले. पुत्राने १८७३ मध्ये मुलकी सेवेत प्रवेश केला, फारसी उत्तम आत्मसात केली आणि हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्र सचिवपद मिळविले.

१८९३ च्या ऑक्टोबरात ते लष्करी लवाजम्याविना काबूलला गेले. हे धाडस मान्य केलेच पाहिजे. अमीर अब्दुर रहमान यांच्याशी फारसीत बोलणी होऊन १२ नोव्हेंबरला करार झाला. अमिरांनी स्वात, बाजौर, चित्रळ आणि बिर्मल वगळता वझिरिस्तान यांवरील हक्क सोडला. त्याबदली त्यांचा वार्षिक तनखा १२ लाखांवरून १८ लाख रुपये झाला व शस्त्रे आणविण्यास मोकळीक मिळाली. साम्राज्याच्या जमाखर्चात हा सौदा स्वस्तच म्हणावा लागेल. परंतु ज्यांची कुरणे आणि वाटा त्यामुळे दुभंगल्या, त्या पठाण टोळ्यांना कोणी विचारले नाही.

शिवाय कराराला नकाशा जोडला असला, तरी त्यातील पुष्कळसा मुलूख तोवर नीट मोजलेलाच नव्हता. भूमापक खुणा रोवण्यास निघाले ते १८९४ नंतर. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात वाना येथे सीमा आयोगाच्या संरक्षक तळावर मेहसूद वझिरींनी पहाटे हल्ला चढविला. मोहमंदांच्या प्रदेशात तर आखणी अपुरीच राहिली. ड्युरँड स्वतः तोपर्यंत तेहरानला वकील म्हणून गेले होते. पुढे माद्रिद, मग वॉशिंग्टन. १९२४ साली इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

१९४७ साली पाकिस्तानच्या संयुक्त राष्ट्रसंघ-प्रवेशाविरुद्ध पडलेले एकमेव मत अफगाणिस्तानचे होते, आणि ते याच रेषेपायी. २०१७ पासून पाकिस्तानने तिच्यावर तारेचे कुंपण उभारावयास घेतले.