सागराचे अभ्यासक डॉ. पणिक्कर

भंडारा शहराजवळून वैनगंगा वाहते. पुढे तिला वर्धा मिळते आणि दोघींची प्राणहिता होते. प्राणहिता गोदावरीत मिसळते व गोदावरी बंगालच्या उपसागरास मिळते. समुद्रापासून इतक्या दूरच्या या जिल्ह्याचे पाणीही अखेर समुद्रातच जाते. जेथे नदीचे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यात मिसळते, तेथे पाण्याचा खारटपणा सदैव बदलत असतो. पावसाळ्यात खाडी जवळजवळ गोडी होते. पाऊस सरला की ती पुन्हा खारी होते. अशा पाण्यात कोळंबी कशी जगते? भंडाऱ्याकडे जिला झिंगा म्हणतात, त्याच जातकुळीचा हा प्राणी. या प्रश्नाचा ज्यांनी चिकाटीने शोध घेतला, ते डॉ. एन. केशव पणिक्कर होत.

पणिक्करांचा जन्म इ. स. १९१३ साली आजच्या केरळ राज्यात झाला. मद्रास विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत त्यांनी प्राणिशास्त्राच्या संशोधनास आरंभ केला. मद्रासजवळ अडयार नदी समुद्रास मिळते. तिचे मुख कधी वाळूच्या बांधाने बंद होते, तर कधी पुराच्या लोंढ्याने मोकळे होते. तेथील जीवसृष्टीचे त्यांनी प्रा. गोपाल अय्यर यांच्यासमवेत बारकाईने निरीक्षण केले व इ. स. १९३७ मध्ये ते प्रसिद्ध केले.

पुढे इंग्लंडमध्ये प्लिमथ येथील सागरी प्रयोगशाळेत त्यांनी कोळंबीवर प्रयोग केले. कमीअधिक खारट पाण्यात कोळंबी ठेवून ते तिच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण मोजत. त्यातून एक नवलाची गोष्ट दिसून आली. समुद्राच्या पाण्यात या कोळंबीचे रक्त त्या पाण्याहून कमी खारट असे. पाणी फार फिके केले, तर ते पाण्याहून अधिक खारट राही. बाहेरचे पाणी बदलले, तरी हा इवलासा जीव आपल्या शरीरातील क्षारांचा तोल सांभाळत असे.

परंतु या सामर्थ्यालाही मर्यादा होती. पाणी थंड झाले की फिक्या पाण्यात टिकणे कोळंबीला अवघड जाई. ते उबदार असले की सुकर होई. उष्ण प्रदेशांतील खाड्यांत समुद्राचे इतके जीव का शिरतात, याचे एक कारण त्यांनी यावरून सुचविले. खारटपणा आणि उष्णता यांचा विचार एकत्रच केला पाहिजे, हे या प्रयोगांनी दाखवून दिले. हे संशोधन इ. स. १९४० व १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले.

स्वातंत्र्यानंतर ते मंडपम येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे प्रमुख झाले. कोळ्यांच्या जाळ्यात किती मासे येतील, हे समुद्राच्या पाण्यावर अवलंबून असते. म्हणून मासे आणि पाणी यांचा अभ्यास वेगळा करून चालत नाही, हे त्यांनी जाणले होते.

त्या काळी हिंदी महासागराविषयी शास्त्रज्ञांना फार थोडी माहिती होती. ही उणीव दूर करण्यासाठी इ. स. १९५९ ते १९६५ या काळात अनेक राष्ट्रांनी मिळून मोठी मोहीम काढली. सुमारे चाळीस जहाजांनी तीत भाग घेतला. भारताच्या कार्याची धुरा पणिक्करांकडे होती. जहाजांनी गोळा केलेले सूक्ष्म जीवांचे नमुने कोचीन येथील केंद्रात निवडले जात. ही मोहीम संपल्यावर काम थांबू नये, म्हणून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. पणिक्कर तिचे पहिले संचालक झाले. आज तिचे मुख्य केंद्र गोव्यात दोनापावल येथे आहे. इ. स. १९७३ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. इ. स. १९७७ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांनी लावलेल्या रोपाचा वृक्ष झाला. इ. स. १९९९ मध्ये भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत समुद्राच्या खालच्या थरांतील प्राणवायू अतिशय कमी झाल्याचे याच संस्थेच्या शास्त्रज्ञांना आढळले. प्राणवायू कमी झाला की मासे तेथून निघून जातात किंवा मरतात. शेतांतून वाहून येणारी खते हे या घटीचे एक कारण असावे, असे त्यांना वाटले. शिवाय मनुष्य हवेत सोडत असलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूचा सुमारे चौथा हिस्सा सागर शोषून घेतो. त्यामुळे पाण्याची आम्लता वाढते आणि शिंपले व प्रवाळ यांना आपले कवच बांधणे कठीण होते.

कोळंबी ऋतुमानाचे बदल सोसते, कारण ते बदल तिच्या शक्तीच्या आवाक्यात असतात. ती शक्ती कोठे संपते, हे मोजमाप केल्यावाचून कळत नाही. पणिक्करांनी ते मोजमाप एका लहानशा जीवापासून सुरू केले आणि महासागरापर्यंत नेले. वैनगंगेच्या काठी शेतात टाकलेले खतही एके दिवशी समुद्राला पोहोचू शकते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्यांच्या कार्याचे मोल समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनाही कळेल.