विश्लेषण : राजा रविवर्मांचे रंग, मळवलीचा छापखाना आणि हाडांत साठणारे शिसे

पुणे-लोणावळा लोकलमधून मळवलीला उतरले की एका बाजूला कार्ला आणि दुसऱ्या बाजूला भाजे लेणी. पर्यटकांना मळवली ठाऊक आहे ती यामुळे. पण शंभर वर्षांपूर्वी देशभरातील देवघरांत लावलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी याच मावळातील गावातून छापून जात असत. छापखाना होता चित्रकार राजा रविवर्मा यांचा. त्या काळच्या चित्रांना आणि छपाईला झळाळी देणारे अनेक रंग शिसे आणि पारा या जड धातूंपासून बनत. त्यांपैकी शिसे शरीरात गेले, की सर्वाधिक साठते हाडांत.

किळिमानूर ते बडोदा

रविवर्मा यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूरचा. चित्रकलेचे पहिले धडे मामा राजराज वर्मा यांनी दिले. वयाच्या चौदाव्या वर्षी ते तिरुवनंतपुरमच्या दरबारात आले. तिथे तैलरंगांचे तंत्र जाणणारे थोडे होते आणि ते शिकवायला राजी नव्हते. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार दरबारात आला. त्याचे काम पाहत आणि स्वतः प्रयोग करत रविवर्मा तैलचित्रण शिकले.

१८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला पारितोषिक मिळाले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड यांनी त्यांच्याकडून पौराणिक विषयांवरील चित्रे करून घेतली. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातही त्यांचा गौरव झाला. या सगळ्या प्रवासात धाकटे बंधू सी. राजराज वर्मा सोबत होते. तेही चित्रकारच.

रंग नेमके कशाचे होते?

एकोणिसाव्या शतकात तैलरंगातील पांढरा म्हणजे प्रामुख्याने सफेता, अर्थात शिशाचे कार्बोनेट. झळझळीत पिवळा शिशाच्या क्रोमेटचा. शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड, तर हिंगूळ पाऱ्याचे संयुग. तेल लवकर वाळावे म्हणून त्यात मुरदाडशिंग घालत, तेही शिशाचेच.

या रंगांचा त्रास नवा नव्हता. बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० मध्ये व्यवसायजन्य आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात चित्रकारांच्या दुखण्यांचा संबंध त्यांच्या रंगद्रव्यांशी जोडला होता. पोटात मुरडा आणि मनगटे लुळी पडणे ही शिशाच्या विषबाधेची जुनी लक्षणे. हाडांतला साठा मात्र वरून दिसत नाही.

छापखाना मळवलीत का आला?

मूळ तैलचित्र राजवाड्यातच राहायचे. सामान्य घरात ते पोहोचवायचे तर छपाई हवी, असा सल्ला रविवर्मांना माजी दिवाण टी. माधवराव यांनी दिला होता. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू झाला. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीचे होते. १८९६ पासून मुंबईत प्लेगने थैमान घातले. १८९९ मध्ये छापखाना मळवलीला हलला.

तंत्र होते शिळाछपाईचे. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र उतरवायचे आणि कागदावर दाबायचे. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एका तसबिरीसाठी तोच कागद अनेकदा यंत्राखाली जाई. म्हणजे शाई घोटणे, लावणे, पुसणे हे काम कामगारांच्या हातून दिवसभर चाले. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनीही या छापखान्यासाठी काम केले होते.

हाडांत शिसे शिरते कसे?

हाड हा कॅल्शियमचा साठा. शिशाचा आयन रासायनिकदृष्ट्या कॅल्शियमच्या आयनासारखा वागतो. त्यामुळे शरीर फसते आणि कॅल्शियमच्या जागी शिसे बसते. श्वासातून आलेली धूळ, न धुतलेल्या हातांनी खाल्लेली भाकरी हे त्याचे नेहमीचे मार्ग.

प्रौढांच्या शरीरातील ९० टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत आणि दातांत असते. रक्तातील शिशाचे प्रमाण निम्मे व्हायला साधारण महिना लागतो. टणक हाडातून तेवढे कमी व्हायला दशके लागतात. म्हणजे कामगाराने काम सोडले तरी साठा त्याच्यासोबत राहतो.

त्याचे परिणाम असे :

• हाड बांधणाऱ्या पेशींचे काम मंदावते.
• मूत्रपिंडात ‘ड’ जीवनसत्त्व सक्रिय होण्यात अडथळा येतो, त्यामुळे कॅल्शियम नीट शोषले जात नाही.
• हाडांची घनता कमी होण्याशी शिशाचा संबंध आढळला आहे. मुलांमध्ये वाढ खुंटू शकते.
• गरोदरपणात, स्तनपानाच्या काळात आणि रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज वाढते, तेव्हा जुने शिसे पुन्हा रक्तात उतरते. गर्भालाही ते पोहोचते.

कॅडमियमचा धोका वेगळ्या वाटेने येतो. ते मूत्रपिंड बिघडवते आणि त्यातून हाडे मऊ पडतात. जपानच्या तोयामा भागात खाणीचे कॅडमियम नदीतून भातशेतीत उतरले आणि अनेकांची, विशेषतः वयस्क स्त्रियांची, हाडे मोडू लागली. ‘इताई-इताई’ नावाचा हा आजार १९६८ मध्ये तिथल्या सरकारने प्रदूषणजन्य म्हणून मान्य केला.

रविवर्मांची अखेर

छापखान्याने रविवर्मांना कीर्ती दिली, पण कर्जही दिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तो जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकावा लागला. १९०४ मध्ये ‘कैसर-ए-हिंद’ सुवर्णपदक मिळाले. पुढच्याच वर्षी बंधू राजराज वर्मा गेले. २ ऑक्टोबर १९०६ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी रविवर्मांचे निधन झाले. त्यांना मधुमेह होता. त्यांच्या मृत्यूचा संबंध रंगांतील शिशाशी जोडण्यास आधार नाही.

मळवलीचा छापखाना श्लायशर यांच्याकडे चालत राहिला. १९७२ मध्ये आगीत तो नष्ट झाला.

नियम बदलले, पण धोका संपला का?

रंगकामातील सफेत्यावर निर्बंध घालणारा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार १९२१ मध्ये झाला. भारतात २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मात्र त्याआधी रंगवलेल्या खिडक्या, दारे, ग्रिल अजून जागेवर आहेत. लोणावळा-खंडाळ्यात जुने बंगले दुरुस्त करून भाड्याने देण्याचा व्यवसाय मोठा आहे. तिथे जुना रंग पॉलिश पेपरने कोरडाच घासला, तर त्यातील शिसे धुळीतून थेट रंगाऱ्याच्या छातीत जाते.

काय काळजी घ्यावी?

• जुना रंग ओला करूनच खरवडावा. साध्या फडक्याऐवजी धूळ रोखणारा मास्क वापरावा.
• लहान मुले आणि गरोदर महिलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.
• जेवणापूर्वी हात धुवावेत. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत.
• आहारात कॅल्शियम आणि लोह पुरेसे असावे. त्यांची कमतरता असल्यास शिसे अधिक शोषले जाते.
• रंग, बॅटरी, डाग देणे किंवा भंगाराचे काम करणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्तातील शिशाची तपासणी करावी. ही तपासणी अलीकडचा संपर्क दाखवते, हाडांतला जुना साठा नाही. म्हणून डॉक्टरांना आधीच्या कामाची माहितीही द्यावी.