रानवेड्याचा संसार

वयाची बेचाळीस पूर्ण व्हायला आठवडा बाकी, पायाला भिंगरी, आणि चार भिंतींत झोप म्हणून लागत नाही. अशा माणसाला मुलगी कोण देणार? पण कॅलिफोर्नियातल्या मार्टिनेझ गावच्या एका डॉक्टर-बागाईतदाराने दिली. एकुलती एक, बत्तीस वर्षांची लुई. जावई होता जॉन म्यूर. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांचा विषय निघाला की आजही पहिल्यांदा ओठावर येतं ते याच म्यूरचं नाव.

जॉन मूळचा स्कॉटलंडचा. १८३८ चा जन्म. अकरा वर्षांचा असताना वडील कुटुंब घेऊन अमेरिकेत विस्कॉन्सिनला आले. वडील देवभोळे म्हणावेत तर देवाच्या नावाने पोरांना बडवणारे. बायबल पाठ झालं नाही की मार ठरलेला. शेतावर विहीर खणायची होती, खाली दगड लागला, तर छिन्नी-हातोडा देऊन याला रोज बादलीतून खाली सोडायचे. नव्वद फूट विहीर या एकट्या पोराने खोदली! ऐंशी फुटांवर असताना तळाशी साठलेल्या विषारी वायूने तो गुदमरला, कसाबसा वर ओढून काढला. एक-दोन दिवस विसावा, की पुन्हा तोच पोरगा नि तीच बादली. मोकळ्या आकाशाचं वेड त्याला कुठून लागलं असेल, हे मला तरी या विहिरीपाशीच कळतं.

हात मात्र कसबी. लाकडाची घड्याळं करायचा, ठरल्या वेळी झोपलेल्याला उठवून उभं करणारी खाटसुद्धा त्याने बनवली होती. पुढे कारखान्यात नोकरी धरली. १८६७ मध्ये काम करताना कानस निसटून उजव्या डोळ्यात घुसली. पाठोपाठ दुसऱ्या डोळ्याचीही दृष्टी गेली. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून होता. नशिबाने नजर परत आली, आणि मग गडी कारखान्यात थांबलाच नाही. सुमारे हजार मैल चालत फ्लोरिडा गाठलं, तिथे हिवतापाने पाडलं, आणि १८६८ मध्ये तो कॅलिफोर्नियाच्या योसेमिटी दरीत पोचला.

तिथे त्याला भेटले सिक्वोया. मैत्रिणींनो, झाड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वड-पिंपळ येतो. सिक्वोयाची गोष्टच वेगळी. त्यातला सर्वांत मोठा ‘जनरल शर्मन’ पावणेतीनशे फूट उंच, बुंध्याशी छत्तीस फूट रुंद आणि वय दोन हजारांच्या पुढे. साल कुठेकुठे दोन फूट जाड, म्हणून लहानसहान वणव्याला ही झाडं दाद देत नाहीत; उलट आगीच्या धगीनेच त्यांची बोंडं उघडतात आणि बी खाली पडतं. शर्मन ज्या रानात उभा आहे त्याचं ‘जायंट फॉरेस्ट’ हे नाव म्यूरनेच ठेवलेलं. जवळच लॉजपोल नावाची तंबूंची जागा आहे. तिथे उतरणाऱ्याने डबाच काय, टूथपेस्टसुद्धा लोखंडी पेटीत बंद करायची, कारण वासावर अस्वल येतं. म्यूरकडे कुठला तंबू नि कुठली पेटी! थोडा पाव, चहा, आणि फरच्या डहाळ्यांचं अंथरूण. पुष्कळदा ब्लँकेटही नाही.

असा माणूस १८८० मध्ये लग्न करून सासऱ्याचा मळा सांभाळू लागला. नासपती आणि द्राक्षं, पहाटे उठून बाजाराची घाई. पैसा चांगला झाला, वांडा आणि हेलन या दोन मुली झाल्या. प्रकृती मात्र ढासळली. लुई पियानो उत्तम वाजवणारी, घरात रमणारी. १८८४ मध्ये तो तिला योसेमिटीला घेऊन गेला, तर तिला जिकडेतिकडे अस्वलाची भीती, आणि चढावर यानेच पाठीला काठी लावून ढकलायचं. तिचा पिंडच डोंगराचा नव्हता. पण १८८८ मध्ये तो प्रवासात असताना तिने त्याला पत्र लिहिलं. मळ्यापायी तुमचं आयुष्य नि लिखाण जळत असेल तर तो मळा काय कामाचा, अशा अर्थाचं. आणि नुसतं लिहून थांबली नाही. मळ्याचा काही भाग विकला, काही भाड्याने दिला. स्वतःला न आवडणाऱ्या डोंगराकडे नवऱ्याला हाताने पाठवणं सोपं का असतं? म्यूरच्या चरित्रात लुईचे रकाने फारच कमी भरतात, हे मला खटकतं.

त्यानंतरच त्याची लेखणी चालली. १८९० मध्ये सिक्वोया आणि योसेमिटी ही राष्ट्रीय उद्यानं झाली, १८९२ मध्ये ‘सिएरा क्लब’ निघाला आणि म्यूर मरेपर्यंत त्याचा अध्यक्ष राहिला. मे १९०३ मध्ये तर साक्षात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट त्याच्याबरोबर रानात राहायला आले. दरीत मेजवानीची तयारी, आणि हे पाहुणे निजले ‘ग्रिझली जायंट’ या महाकाय सिक्वोयाखाली! दुसऱ्या रात्री बर्फ पडला, सकाळी ब्लँकेटवर पांढरा थर, आणि राष्ट्राध्यक्ष लहान मुलासारखे खूश. शेकोटीपाशी म्यूरने आपलं म्हणणं पटवून दिलं. दरी आणि ते सिक्वोयांचं बन तोवर राज्याच्या ताब्यात होतं, १९०६ मध्ये ते केंद्राकडे आलं. ते बघायला लुई नव्हती. ती १९०५ मध्येच गेली.

सगळंच काही गोड नाही. त्या दऱ्यांतल्या मूळ रहिवाशांबद्दल म्यूरने तरुणपणी हिणवणारं लिहिलं, त्याच्याच क्लबने २०२० मध्ये ते उघडपणे मान्य केलं. शिवाय हेच-हेची नावाची दरी धरणापासून वाचवायला तो म्हातारपणी वर्षानुवर्षं लढला आणि हरला. डिसेंबर १९१३ मध्ये धरणाचा कायदा झाला. पुढच्या वर्षी हेलनला भेटायला गेला असताना न्यूमोनिया झाला. २४ डिसेंबर १९१४ रोजी, लॉस एंजेलिसच्या दवाखान्यात, चार भिंतींतच तो वारला. मार्टिनेझला नासपतीच्या बागेत, लुईच्या शेजारी त्याला ठेवलंय.