विश्लेषण : वर्गातल्या एका विद्यार्थ्याने घडवली अंधांची लिपी! कोण होते लुई ब्रेल? आजच्या विशेष शिक्षकांना त्यांच्याकडून काय घेता येईल?

मुक्ताईनगर : दृष्टिहीन मुलाला शिकवायचे कसे, हा प्रश्न तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून शाळाशाळांत जाणाऱ्या विशेष शिक्षकांसमोर रोजच असतो. हाताशी आता स्मार्टफोन आहे, पुस्तक वाचून दाखवणारी अ‍ॅप आहेत. मग बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवण्याची अजून गरज आहे का, असेही विचारले जाते. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसच्या एका शाळेतही असाच वाद झाला होता. अंध मुलांसाठी कोणते साधन योग्य, हे तेव्हा डोळस माणसे ठरवत होती. त्याच शाळेतल्या एका अंध विद्यार्थ्याने त्या प्रश्नाचे उत्तर शोधले. त्याचे नाव लुई ब्रेल. ४ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस जगभर ब्रेल दिन म्हणून पाळला जातो.

डोळे कसे गेले?

लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधील कुव्रे या गावात झाला. हे गाव पॅरिसपासून साधारण ४० किलोमीटरवर आहे. वडील सिमों-रने घोड्यांची खोगिरे आणि लगाम तयार करत. घरालाच लागून त्यांची कार्यशाळा होती. लुई तीन वर्षांचा असताना वडिलांचे पाहून चामड्याला भोक पाडायला गेला आणि हातातली आरी निसटून डोळ्यात घुसली. चप्पल शिवणाऱ्याकडे दिसते तसलेच हे टोकदार हत्यार. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यातही गेला. त्या काळी जंतुसंसर्गावर औषध नव्हते. पाचव्या वर्षापर्यंत लुईची दृष्टी पूर्ण गेली.

गावच्या शाळेत प्रवेश कसा मिळाला?

अंध मुलाच्या वाट्याला त्या काळात बहुधा भीक मागणे येई. ब्रेल कुटुंबाने मात्र मुलाला घरात बसवून ठेवले नाही. वडिलांनी त्याला काठी करून दिली. काठीच्या आधाराने तो गावातल्या वाटा शिकला. गावच्या धर्मगुरूंनी त्याला शिकवायला घेतले आणि पुढे गावच्या शिक्षकांनी डोळस मुलांच्याच वर्गात बसवले. ज्याला आज समावेशित शिक्षण म्हणतात, त्याचाच हा एक जुना नमुना. लुई ऐकून सगळे लक्षात ठेवी आणि वर्गात हुशार ठरे. अडचण एकच होती. बाकीची मुले वाचू-लिहू लागली, की तो नुसता बसून राही.

पॅरिसच्या शाळेत काय शिकवत?

१८१९ मध्ये, दहाव्या वर्षी, शिष्यवृत्ती मिळून लुई पॅरिसच्या अंध मुलांच्या राजकीय संस्थेत दाखल झाला. व्हालांतँ आऊई यांनी १७८५ च्या सुमारास सुरू केलेली ही अशा प्रकारची पहिली मोठी शाळा. इमारत जुनी, दमट आणि कोंदट होती.

तिथे पुस्तके होती, पण ती नेहमीच्याच अक्षरांना जाड कागदावर उठाव देऊन छापलेली. एकेक अक्षर बोटाने चाचपून ओळखायचे. वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरायला होई. पुस्तके अवजड, महाग आणि मोजकीच. सर्वांत मोठी उणीव म्हणजे या पद्धतीने मुलांना स्वतः लिहिता येत नव्हते. डोळस माणसाला अक्षर ओळखीचे वाटावे, हा त्या रचनेचा आधार होता. बोटाला काय सोपे, याचा विचार त्यात नव्हता.

सहा ठिपक्यांची कल्पना कुठून आली?

१८२१ मध्ये शार्ल बार्बिए या माजी लष्करी अधिकाऱ्याची ठिपक्यांची लिपी शाळेत आली. अंधारातही बोटांनी वाचता यावी, अशी तिची रचना होती. मुलांना ती लगेच आवडली, कारण ठिपका बोटाला रेषेपेक्षा चटकन कळतो आणि तो स्वतःच्या हाताने उठवताही येतो.

पण लुईला तिच्यातले दोष दिसले. एका चिन्हात बारा ठिपके असत. ते एका बोटाच्या टोकाखाली मावत नसत, त्यामुळे बोट वर-खाली फिरवावे लागे. चिन्हे उच्चारांची होती, अक्षरांची नव्हती. त्यामुळे शुद्धलेखन शिकता येत नव्हते. विरामचिन्हे नव्हती.

लुई तेव्हा बारा वर्षांचा होता. पुढची तीन वर्षे, अभ्यास सांभाळून, तो कागदावर ठिपके पाडून पाहत राहिला. बारावरून तो सहावर आला. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन ठिपके. एवढे घर बोटाच्या टोकाखाली एकाच स्पर्शात मावते. सहा ठिपक्यांच्या कमी-जास्त मांडणीतून ६३ चिन्हे मिळतात. अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि संगीत लिहायला ती पुरली. पंधराव्या वर्षी लिपीचा मुख्य सांगाडा तयार होता. १८२९ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि १८३७ मध्ये सुधारित आवृत्ती निघाली.

ठिपके उठवण्याचे साधन साधेच होते. खाचांची पाटी आणि टोकदार लेखणी. कागदाच्या मागून उजवीकडून डावीकडे ठिपके पाडायचे आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचे. पाटी आणि लेखणी आजही ब्रेल शिकवणाऱ्या वर्गांत वापरली जाते.

मग लिपीला विरोध का झाला?

शिक्षण संपल्यावर ब्रेल त्याच शाळेत आधी साहाय्यक आणि १८३३ मध्ये पूर्णवेळ शिक्षक झाले. ते उत्तम ऑर्गनवादक होते आणि पॅरिसच्या चर्चमध्ये वादन करत. संचालक पिन्ये यांचा लिपीला पाठिंबा होता. १८४० मध्ये त्यांना हटवण्यात आले. नवे संचालक द्युफो यांनी पुन्हा उठावाच्या अक्षरांकडे मोर्चा वळवला आणि ब्रेलच्या वापराला मनाई केली. डोळस शिक्षकांना ही लिपी वाचता येत नव्हती. शिवाय अंधांची लिपी वेगळी झाली, तर ते समाजापासून तुटतील, असेही मानले जात होते.

मुलांनी मात्र ती सोडली नाही. चोरून चिठ्ठ्या लिहिल्या, टिपणे काढली. ज्या साधनाने आपण स्वतः लिहू शकतो ते त्यांना परत द्यायचे नव्हते. अखेर द्युफो यांचे सहकारी ग्वादे यांना लिपीचे महत्त्व पटले. १८४४ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला पाहुण्यांसमोर ब्रेलचे प्रात्यक्षिक झाले आणि मनाई संपली.

समाजापासून तुटण्याच्या शंकेवर ब्रेल यांनी स्वतःच उपाय शोधला होता. १८३९ मध्ये त्यांनी ठिपक्यांतून नेहमीची अक्षरे उमटवण्याची पद्धत मांडली. पुढे अंध मित्र फुको यांच्यासोबत त्यासाठी यंत्रही तयार झाले. त्यामुळे अंध व्यक्तीला घरच्या डोळस माणसांना पत्र लिहिता येऊ लागले.

यश त्यांना पाहता आले का?

पूर्ण नाही. ऐन तारुण्यात त्यांना क्षयाने गाठले. ६ जानेवारी १८५२ रोजी, ४३ वा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, त्यांचे निधन झाले. फ्रान्सने त्यांची लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती त्यानंतर दोन वर्षांनी. १८७८ मध्ये पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तिला मान्यता दिली. १९५२ मध्ये, मृत्यूनंतर शंभर वर्षांनी, त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये थोरांच्या रांगेत ठेवण्यात आले. हात मात्र त्यांच्या जन्मगावातच जतन केले आहेत.

ब्रेल मराठीत कशी आली?

मुंबईत १९०० मध्ये अ‍ॅना मिलार्ड यांनी अंध मुलांची शाळा सुरू केली. त्या काळात भारतात भाषेगणिक वेगवेगळ्या ब्रेल पद्धती होत्या. एका पद्धतीतले पुस्तक दुसऱ्या पद्धतीत शिकलेल्याला वाचता येत नसे. १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ठरली आणि हा गोंधळ मिटला. तिच्यात एका उच्चाराला सर्व भाषांत साधारण एकच चिन्ह आहे.

उदाहरण म्हणून ‘मुक्ता’ हा शब्द घेऊ. ब्रेलमध्ये त्याला सहा घरे लागतात : म, उ, हलंताची खूण, क, त आणि आ. मात्रा अक्षराच्या वर किंवा खाली जात नाही, स्वर म्हणून पुढच्या घरात येतो. जोडाक्षराची खूण अक्षराच्या आधी येते. म्हणजे शब्दाची फोड बोटांना जाणवते. २००८ पासून ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिकही निघू लागले. ब्रेल यांच्या द्विशताब्दीनिमित्त २००९ मध्ये भारत सरकारने दोन रुपयांचे नाणे काढले.

फोन असताना ब्रेल कशाला?

फोन वाचून दाखवतो, ही मोठीच सोय आहे. पण जे मूल फक्त ऐकते, त्याला ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक कळत नाही, परिच्छेद कुठे संपला ते समजत नाही आणि गणिताची मांडणी डोक्यातच ठेवावी लागते. लुई गावच्या शाळेत नेमका इथेच अडला होता. म्हणून फोन आणि ब्रेल यांत निवड करायची नसते, दोन्ही लागतात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्येही ब्रेल जाणणारे शिक्षक तयार करण्याची तरतूद आहे. ज्या मुलांना थोडे दिसते, त्यांच्यासाठी मात्र आधी मोठा टाइप आणि चांगला उजेड पाहावा.

वर्गात उद्यापासून काय करता येईल?

• अंड्यांच्या ट्रेचा सहा खळग्यांचा तुकडा कापा. त्यात लिंबे किंवा छोटे चेंडू ठेवून ब्रेलचे घर शिकवा. डोळस वर्गमित्रांनाही खेळात घ्या.

• फळ्यावर जे लिहाल ते मोठ्याने म्हणा. ‘हे’ आणि ‘इथे’ न म्हणता नाव घ्या.

• नकाशा बोटांना कळू द्या. पुठ्ठ्यावर डिंकाने दोरा चिकटवून चांगदेवचा तापी-पूर्णा संगम दाखवता येतो. एका नदीला जाड सुतळी, दुसरीला बारीक दोरा वापरा.

• अंकगणितासाठी टेलर फ्रेम किंवा मणीपाटी द्या. आकडेमोड मुलाच्या हाताखाली राहते.

• अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत टॉकबॅक असते, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. दोन्हींत स्क्रीनवर सहा बोटांनी ब्रेल टाइप करण्याची सोय आहे. आपल्या फोनवर कोणत्या भाषेत ती चालते, ते आधी तपासा.

• गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर वहीचा फोटो काढून पाठवू नका. फोटोतला मजकूर वाचन-सॉफ्टवेअरला बहुतेकदा नीट वाचता येत नाही. युनिकोड मराठीत टाइप करा. जुन्या फॉन्टमधला मजकूरही चुकीचा वाचला जातो.

• छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. पालकांना नोंदणीसाठी मदत करा.

साधन योग्य आहे की नाही, हे कसे ओळखायचे?

नवे अ‍ॅप किंवा यंत्र घेताना ते शिक्षकाला किती सोपे, एवढेच पाहिले जाते. पॅरिसच्या शाळेतली चूक हीच होती. त्याऐवजी तीन गोष्टी तपासाव्यात. मुलाला त्यातून स्वतः लिहिता येते का? लिहिलेले कुणाच्या मदतीशिवाय परत वाचता येते का? आणि मुलाला स्वतःला ते हवेसे वाटते का? शेवटचा प्रश्न मुलालाच विचारावा. साधनात खोट कुठे आहे, हे रोज ते वापरणाऱ्यालाच आधी कळते. बारा ठिपके बोटाखाली मावत नाहीत, हे लुईला त्याच्या बोटानेच सांगितले होते.